विचारत विचारत

भिवंडीच्या एसटी स्टँडवर उतरून देवू गोंधळून उभा राहिला. त्याची लेक सोनी बाळंतपणात अडली होती, म्हणून जावयानं तिला सकाळीच इथल्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. ज्याला रस्ता विचारावा तो हिंदीत भरभर काहीतरी सांगून निघून जात होता. शेवटी त्यानं टपरीवर चहा पिणाऱ्या एका माणसाला गाठलं.

"माजी पोर दवाखान्यात हाय. कुठशी जाऊ?"

त्या माणसाला फक्त 'दवाखाना' कळलं. "चलिए चाचा," म्हणत त्यानं चहा तसाच ठेवला. नाक्यानाक्यावर तो लोकांना हिंदीत विचारी आणि देवूला पुढं नेई.

सोनीला मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. देवू डोळे पुसत वॉर्डाबाहेर आला, तर तो माणूस तिथंच थांबलेला.

"चाचा, मैं तो आज ही गाँव से आया हूँ," तो संकोचून म्हणाला. "कपड़े के लूम पे काम है. ये शेलार किधर पड़ता है?"

देवूला त्यातलं शेलार तेवढं कळलं. शहराबाहेरच्या त्या गावात त्यानं दोन उन्हाळे मजुरी केली होती; स्टँडवरून तिथं जायची वाट तेवढी त्याला ठाऊक होती.

"शेलार व्हय? मना ठाव हाय."

या शहरात देवू पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढं चालत होता.