डावीकडचा माणूस

दर एप्रिलला अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजातले नवे खेळाडू निवडायला बसले, की टोलेडोत बर्नीच्या घरी टीव्हीसमोर भांडण ठरलेलं. त्याचा मेहुणा रसेल म्हणे, उरलेल्यांत सगळ्यात गुणी पोरगा असेल तो उचलावा. बर्नी म्हणे, आपल्या संघाला जिथं भगदाड आहे तिथलाच माणूस घ्यावा, नुसते गुण काय चाटायचेत?

यंदा मात्र टीव्ही लागल्यापासून बर्नीच ओरडत होता, "गुणी पोरगा घ्या! तो झेल घेणारा बघा, कसला पळतो!"

रसेलच्या हातातली पिरोगीची करंजी हातातच राहिली. "अहो दाजी, जन्मभर माझं डोकं खाल्लंत, आणि आज..." त्याची नजर बर्नीच्या मागे सोफ्याकडे गेली. "मी तरी दुसरं काय म्हणतोय," तो हळूच म्हणाला.

मग दोघेही त्या झेल घेणाऱ्याचं कौतुक करत बसले. संघाची डावी फळी उघडी पडलीय, असं टीव्हीवरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगायला लागला, तेव्हा बर्नीने आवाज कमी केला.

"वाढवा आवाज, पप्पा," सोफ्यावरून त्याचा मुलगा ड्वेन म्हणाला. याच संघातून खेळताना दुखावलेला त्याचा गुडघा उशीवर होता. तिसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी खेळ विसरायला सांगितलं होतं. "आणि काहीही काय बोलताय दोघं? डावीकडचाच माणूस घ्यायला हवा."

"डावीकडे तू आहेस ना रे," बर्नी टीव्हीकडेच बघत म्हणाला.