जातो की येतो

“बटण चुकलंय तुझं,” शेवंताबाई लेकीला म्हणाल्या.

बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या वैजूने मोबाइलवर आपल्याच घराची गोष्ट रचली होती. बटण दाबलं की ती पुढे सरकायची. मोर्चाला निघालेल्या बाबांच्या बटणावर लिहिलं होतं, ‘जातो’.

“घरातून निघताना ‘येतो’ म्हणावं. इंग्लंडचं पाणी एवढं लागलं?”

“आई, बाबा त्या दिवशी ‘जातो’च म्हणाले होते. परत आलेच नाहीत.”

“घाईत होते. घाईत त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे. तू बदल.”

वैजूने बदललं. शेवंताबाईंनी ‘येतो’ दाबलं. घोषणा झाल्या, घोड्यांवरून पोलीस आले, आणि शेवटी तेच रिकामं दार उरलं.

“शब्द बदलून बाबा येत नाहीत, आई.”

“ठाऊक आहे.” त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून उघडली. ‘येतो’वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “या हं लवकर.”