नऊ वाजायच्या आत

मतपेटीला रात्री नऊ वाजता सील लागणार होतं, आणि त्याआधी मरायचं नाही असा कोलमनने चंग बांधला होता.

पाद्रीबाबा कपाळाला अखेरचं तेल लावून सकाळीच परतले होते. डॉक्टरने दुपारची वेळ दिली होती. दुपार टळली, जूनचं रात्रीपर्यंत रेंगाळणारं ऊन खिडकीतून अंथरुणावर आलं, तरी म्हातारा एक डोळा मिटून आणि एक उघडा ठेवून पडलेला. उघडा डोळा टायगवर.

टायग उशाशी खुर्ची धरून बसला होता. दोघांचा करारच तसा. यादवीत त्यांच्या बापांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हापासून एक घर ह्या पक्षाचं, एक त्या पक्षाचं. ह्याचं मत त्याच्या मताला खाणार, त्याचं ह्याच्या. मग डोंगर उतरून शाळेपर्यंत तंगडतोड करायची कशाला? दर निवडणुकीला दोघं एका घरात पत्ते कुटत बसत आणि पेटी बंद होईस्तोवर एकमेकांवर पहारा देत. एक मेला तरच दुसरा मोकळा.

यंदा मात्र टायगचा पुतण्या उभा होता, आणि त्याची जागा दोन-चार मतांवर लोंबकळत होती. मेलेल्याला दिलेला शब्द पाळायचं कारण नाही, एवढं काकाच्या कानात घालून तो गेला होता.

"इतका जीव धरून काय ठेवलायस?" टायग म्हणाला. "देव वाट बघतोय."

"त्याला मत नाही," कोलमन म्हणाला. "तो थांबेल."

कोलमनची बायको सबिना धार काढायला गोठ्यात गेली. टायग आळस दिल्यासारखा उठला, त्या उघड्या डोळ्याच्या पाठीमागे गेला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्याने पाऊण तास पुढे ढकलला. घड्याळ बिचारं इमानी. सावकाश नऊ ठोके दिले त्याने.

"वाजले," टायग म्हणाला. "पेटी बंद. सुटलास."

कोलमनने दुसराही डोळा उघडला. टायगकडे पाहून हसला, दोन्ही डोळे मिटले, आणि खरोखरच सुटला.

टायगने टोपी उचलली. काटा मागे घ्यायला हात वर केला, तोच सबिना दुधाची बादली घेऊन दारात. तिने नवऱ्याकडे पाहिलं. बादली खाली ठेवली. आमच्याकडे मेलेल्याच्या घरात घड्याळ चालू ठेवत नाहीत. रडायच्याही आधी तिने लंबक धरून थांबवला.

टायगने घाईघाईने छातीवर क्रूस काढला आणि उतारावरून तरण्या बोकडासारखा सुटला. शाळेत टेबलामागे बसलेला अधिकारी परका, गॉलवे शहरातला. नाव ऐकून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमचं मत सकाळीच पडलं की. कोलमनचा थोरला मुलगा म्हणून सांगणाऱ्याने मोटारीतून आणलं होतं ना तुम्हाला?"

टायगला ते हसू आठवलं.

तसाच तो चढ चढून परत निघाला. मेलेल्याला आणि जित्यांना, सगळ्यांनाच चार शब्द सुनावायचे होते. घरात शेजारपाजार जमला होता, चहा फिरत होता, थोरला बापाच्या पायाशी गरीब गायीसारखा उभा होता. टायगने त्याच्यावर बोट रोखलं, तोंड उघडलं, आणि खाली गावात चर्चची घंटा सुरू झाली.

लोक ठोके ऐकत राहिले. नऊ झाले. एकेक मान भिंतीवरच्या थांबलेल्या घड्याळाकडे वळली. तिथे काटा नऊच्या पुढे जाऊन थांबला होता.

टायगचं बोट हवेतच राहिलं.

सबिनाने खुर्ची पुढे सरकवली. उशाजवळची, तीच.

"बसा भावजी," ती म्हणाली. "घड्याळाप्रमाणे, हे जायच्या आत आलात."