पत्त्याचा रकाना

"यातल्या निम्म्या सह्या धरता येणार नाहीत," गृहनिर्माण कार्यालयातले साहेब म्हणाले आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "पत्ताच नाही. उत्तर पाठवायचं कुठे?"

परवडणाऱ्या घरांसाठी राज्यभरातून गोळा केलेले अर्ज होते ते. नऊ महिने मी आणि गयाबाई एसटीनं जिल्हे पालथे घालत होतो. पालांवर, पुलांखाली, वीटभट्ट्यांवर बसून एकेक सही घेत होतो. पत्त्यापुढे कुणी नुसती रेघ ओढली होती. एकीनं लिहिलं होतं, 'घरमालक पत्ता लावू देत नाही.'

साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. बेघरांच्या अर्जावर पत्त्याचा रकाना मीच छापून घेतला होता. सवयीनं. 'मु. पो.' आणि पुढे ठिपक्यांची ओळ.

गयाबाईची बारा वर्षं पालात गेलीत. ती माझ्या शेजारीच बसली होती. माझ्या खिशातलं पेन काढून तिनं वरचा अर्ज पुढ्यात ओढला आणि भिंतीवरची पाटी बघत बघत, चौथीतल्या अक्षरात, त्याच कार्यालयाचा पत्ता उतरवून काढला. मग दुसऱ्या अर्जावर. मग तिसऱ्या.

"बाई, हा आमचा पत्ता आहे," साहेब म्हणाले.

"घर मिळंस्तोवर आमचा बी ह्योच," गयाबाई म्हणाली. मग उठली, पायातल्या चपला काढल्या आणि दाराशी नीट जोडीनं लावून परत येऊन लिहायला बसली.