शाळाबाह्य मुलांचा शोध

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या शाळेत प्रकाश गुरुजी एकटेच शिक्षक आणि पटावर मुलं एकतीस. वरून आदेश आला, 'गावातली शाळाबाह्य मुलं शोधा, मुदत आठ दिवस.' गुरुजींनी शाळेला कुलूप लावलं, फॉर्मांचा गठ्ठा काखोटीला मारला आणि घरोघर हिंडायला लागले.

जमनाची मोनाली त्यांच्याच शाळेत चौथीला. भर अकरा वाजता ती शेळ्या घेऊन निघालेली. तरी गुरुजींनी फॉर्मवरचा प्रश्न विचारलाच, "ताई, मुलगी शाळेत जाते का?"

"रोज जास ना गुरुजी," जमना म्हणाली. "पन कुलूप देखीसन परत येस. चावी तं तुमनाच खिसामा शे!"

गुरुजींचा हात आपसूक खिशाकडे गेला. खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी शाळाबाह्य मुलांच्या यादीत पटावरची एकतीसच्या एकतीस नावं लिहिली आणि फॉर्म धाडून दिले. म्हटलं, आता तरी वरच्यांचे डोळे उघडतील.

नवव्या दिवशी ते शाळेचं कुलूप काढत होते, तेवढ्यात फोनवर पत्र येऊन पडलं.



'तालुक्यात सर्वाधिक शाळाबाह्य मुले आपल्या गावात आढळली आहेत. सबब आपण आजपासून महिनाभर फेरसर्वेक्षण करावे.'