वर केलेला अंगठा

तिसऱ्यांदा बुलेलानीने पाण्याखाली अंगठा वर केला, आणि तिसऱ्यांदा इग्शानने त्याला दंडाला धरून वर आणलं.

"आता काय झालं?" तोंडातली नळी काढत म्हातारा ओरडला.

"काही नाही, ताता! शार्प म्हणत होतो. मस्त चाललंय म्हणून!"

"या अल्ला! तुझं शार्प रस्त्यावर ठेव. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मला वर ने'. बरं असलं तर बोटांचा असा गोल. सांगून सांगून घशाला कोरड पडली माझी, तीही भर समुद्रात!"

"सवयच आहे हो. आमच्याकडे कुणीही विचारलं की अंगठा."

"आणि मला अंगठा दिसला की मी विचारत बसत नाही. माणूस वर न्यायचा. तीस वर्षं हेच करतोय. चल, शेवटची खेप. पुन्हा अंगठा दिसला तर गाशा गुंडाळायचा."

वीस मिनिटं खाली निघाली तर कागदावर सही, आणि सोमवारपासून मत्स्यालयात टाक्यांमध्ये बुडी मारून त्या धुण्याचं काम. नाहीतर आहेच दारावर तिकिटं फाडणं. दिवसाला हजार माणसं, आणि बोलणं एकाशीही नाही.

बुलेलानीने अंगठा मुठीत कोंबला आणि बुडी मारली. केपटाऊनचं पाणी ते, अकरा अंशांचं! कपाळात कळ गेली, जबडा भरून आला. समुद्री शेवाळाचे माडाएवढे दांडे चहूबाजूंनी डोलत होते. ऐकू येत होता फक्त स्वतःचा श्वास. खायेलित्शा वस्तीतल्या आपल्या एकट्याच्या खोलीत तो आठ महिने हाच आवाज ऐकत होता.

पण इथे दर दोन मिनिटांनी इग्शान मागे वळायचा, बोटांचा गोल करायचा. बरा आहेस? आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. वस्तीत तर सगळेच विचारायचे, "शार्प?" चालता चालता. याचा अंगठा वर जाईतो त्यांची पाठ दिसायची.

बाराव्या मिनिटाला मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकात झोंबलं. नेमका तेव्हाच इग्शान वळला. गोल करून मोकळं व्हावं, असं बुलेलानीला वाटलं. लोकांना काय, तेवढंच हवं असतं. पण त्याने पंजा आडवा धरला आणि हलवला. बरं नाही. आठ महिन्यांत हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हातारा जवळ आला. त्याने दोन्ही खांदे धरले आणि बुलेलानीने नाकाने फुंकून फुंकून मास्कमधलं पाणी बाहेर काढेपर्यंत तो त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. बुलेलानीला रडू आलं. मास्कमध्ये कुणाला कळतंय!

"झालास बाबा पाणबुड्या!" वीस मिनिटं भरली होती. काठावर इग्शानने सही ठोकली, थर्मासमधला चहा पाजला आणि सामान गाडीत टाकलं. घरी नातवंडं खोळंबली होती. बुलेलानी कुडकुडत टॅक्सीसाठी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

गाडी त्याच्याजवळ येऊन जरा हळू झाली. "काय रे, शार्प?" खिडकीतून म्हाताऱ्याने चिडवलं आणि तो पुढे निघालाच.

बुलेलानीचा अंगठा आपसूक वर गेला. मग आपण काय केलं, ते त्याच्या ध्यानात आलं. आता कागद खिशात होता, पाणीही मागे राहिलं होतं. हात खाली घ्यायला काहीच हरकत नव्हती. त्याने तो आणखी उंच केला.

वळणावर गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागले.