हृदय झोपलं असताना

हेरंब मास्तर चांगले शुद्धीवर होते, चहाही प्यायले होते. फक्त त्यांचं हृदय झोपलेलं होतं. काल झडप बदलली होती. स्नायूवर ताण नको म्हणून डॉक्टर त्याला उद्याच जागं करणार होते. तोवर पलंगाशेजारचं यंत्र रक्त फिरवत होतं, नळाच्या संथ धारेसारखं, ठोक्यांविना.

मास्तरांनी सवयीने गादीवर बोटांनी तीनताल धरला. समेवर येता येता चुकले. पुन्हा धरला, पुन्हा चुकले.

"सुचेता," ते बायकोला म्हणाले, "उभा जन्म तबला शिकवला, आणि आज साधा ठेका हातात राहत नाही. आत कुणी मोजतच नाहीये गं."

खुर्ची पुढे ओढून सुचेताबाईंनी मास्तरांचा तळवा आपल्या छातीवर ठेवला. "घ्या. ह्याच्यावर धरा."

मास्तरांनी डोळे मिटले. दुसऱ्या हाताची बोटं गादीवर चालू लागली, समेवर नेमकी आली, आणि थबकली.

"ही तर द्रुत लय आहे. एवढी कधी चढली?"

"सकाळी तुम्ही झोपला होतात," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी तुमच्या छातीला कान लावून बघितला."